झोपवलेली बंदूक

तिन्ही रायफली कातिमा शहरातल्या दुकानदाराने बोलीवर दिल्या होत्या. पसंत पडेल ती ठेवायची, उरलेल्या दोन परत पाठवायच्या. कोणती ठेवायची हे मी सांगावं असं खुत्यात, म्हणजे गावाच्या पंचायतीत, ठरलं. राजधानीत, विंडहुकला, प्राणिशास्त्र शिकून आलेली आणि वन्यजीव समितीसाठी दरवर्षी जनावरं मोजणारी मीच होते. मोजमापाचं कुठलंही काम निघालं की ते माझ्याकडे येई, मग ते विहिरीच्या पाण्याचं असो की रायफलींचं.

"आणि ती कोणाच्या हातात द्यायची, तेही सांग," इंदुना सिकोपो म्हणाले. ते खुत्याचे प्रमुख. अवघड गोष्ट सभा उठता उठता, सहज आठवल्यासारखी बोलायची त्यांची पद्धत होती.

"ती मुबियानाची भाची आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"इथं कोण कोणाचं भाचं नाही?" इंदुना म्हणाले आणि काठी टेकत उठले.

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. शेतात घुसणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त माझे मामा, मुबियाना, मी शाळेत जायच्या आधीपासून करत होते. गेल्या सुगीत एक रानरेडा फासात पाय कापून घेऊन इनोंगे आजींच्या मक्यात शिरला आणि तिथून शेतालगतच्या बोरूच्या उंच, दाट बेटात गेला. मामा त्याच्या मागे आत गेले. बरोबर माग काढणारा जोडीदार लुबिंदा होता. पहिली गोळी लागली. दुसरीसाठी मामांनी बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारणारा दांडा, मागे ओढून पुढे ढकलला, तो अर्ध्यावर अडकला. रेडा लुबिंदावर गेला. लुबिंदा वाचला, पण त्याची उजवी मांडी फाटली आणि पाय कायमचा आखडला.

रायफल पोलिसांच्या शस्त्रागारात तपासायला गेली. दोष आढळला नाही, असं उत्तर आलं, आणि जुनी झाली म्हणून ती तिकडेच जमा झाली. रायफलीत दोष नसेल तर तो हातात असणार, इतका हिशोब गावात सगळ्यांना येत होता. मामा साठीच्या पुढे गेले होते. केफास तिशीचा होता, वनरक्षकाचं प्रशिक्षण घेऊन आलेला, नेमाचा पक्का, बोलायला नम्र. मामांची जागा मिळावी म्हणून तो कोणाच्या मागे लागला नव्हता. ती त्याच्याकडे आली असती तर त्याने नाहीही म्हटलं नसतं.

मामांनी स्वतःची बाजू कधी मांडली नाही. "अडकली," एवढंच ते म्हणत.

चाचणी मी शाळेमागच्या सुकलेल्या तळ्यात घेतली. वाळूची पोती रचून त्यांच्यावर रायफल टेकवायची, शंभर मीटरवर पुठ्ठा. मामा आणि केफास आळीपाळीने झाडत. लुबिंदा पालथ्या घातलेल्या होडीवर पाय लांब करून बसे. त्याला यायचं काही कारण नव्हतं, पण तो रोज येई.

"माझ्या पायाचा निकाल लागणार," तो म्हणाला. "मी नको का हजर?"

ब्रेनर लांब नळीची आणि तिघींत नेमाला सर्वांत सरस होती. तिच्या तीन गोळ्यांची भोकं बाटलीच्या एका बुचाखाली झाकली जात, मग झाडणारे मामा असोत की केफास. हॅलोवेलची नळीही तेवढीच लांब, पण दस्ता लाकडाऐवजी प्लास्टिकसारख्या हलक्या मालाचा. ती हातात हलकी वाटे आणि खांद्याला तितकाच जोराचा दणका देई. तिची भोकं बुचाबाहेर जात, पण फार नाही. कास्काची नळी वीतभर आखूड होती. तिची तीन भोकं झाकायला मूठ लागे आणि आवाजाने कान बधिर होत.

"ही कास्का माझ्या सासूसारखी आहे," लुबिंदा म्हणाला. "जेवढी बुटकी तेवढी तोंडाळ."

"तुझ्या सासूचा नेम बरा होता," मामा म्हणाले.

"तो होताच. तू नव्हतास समोर, मी होतो."

नेम झाल्यावर भरवशाची चाचणी. कमरेच्या उंचीवरून टाकून पाहिल्या. पाण्यात बुडवून लगेच झाडल्या. दुपारभर पत्र्यावर तापवल्या. बोल्ट बंद करून वरून धूळ उधळली, झटकली आणि झाडल्या. रायफलींच्या चाचणीची हीच रीत पुस्तकांत दिलेली असते. त्यानंतर मी दोघांनाही, जमेल तितक्या लवकर, सलग गोळ्या झाडायला सांगितलं. केफास थोडा जलद होता. मामांची नजर बोल्ट ओढतानाही पुठ्ठ्यावरून हलत नव्हती, केफासची हलत होती. अडकली मात्र कोणतीच नाही, कोणाच्याच हातात नाही.

मामांच्या दृष्टीने हा निकाल वाईट होता. चांगल्या रायफली अडकत नसतील आणि जुन्या रायफलीतही दोष नसेल, तर त्या दिवशीच्या गोष्टीला हाताखेरीज दुसरं कारण उरत नव्हतं.

ही चाचणी संपल्यावर एका दुपारी मी मामांकडे जेवायला होते. मामींनी मक्याचा घट्ट गोळा आणि सुकी मासळी वाढली.

"मामा, रायफली अडकत नाहीत."

"चांगल्या असतील."

"तुमच्या हातातही अडकत नाहीत."

"हं."

"मग त्या दिवशी काय झालं?"

"अडकली."

"असं सांगून खुत्यात चालणार नाही."

त्यांनी मासळीचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "तू जे मोजलंस ते सांग. जे मोजलं नाहीस ते माझ्याकडून ऐकून सांगू नकोस. त्यांना कळेल, आणि मलाही कळेल."

एक चाचणी राहिली होती. दाट जागी कोणती रायफल सहज वळते, ते पाहायचं होतं. त्यासाठी आम्ही त्याच बोरूच्या बेटाकडे निघालो. वाट गावातून जाते. मामांकडे ब्रेनर होती, केफासकडे हॅलोवेल, माझ्याकडे कास्का. मॅगझीनमध्ये बिनदारूची काडतुसं होती. वस्तीतून जाताना नळी रिकामी आणि बोल्ट मागे ओढून उघडा ठेवायचा, असा समितीचा नियम आहे. रायफल भरलेली नाही हे लांबूनही दिसावं म्हणून.

अंगणात कोणी वडीलधारं बसलेलं असेल तर आमच्याकडे पुढे जाता येत नाही. उकिडवं बसायचं, तळवे खोलगट करून टाळ्या वाजवायच्या, झोप लागली का विचारायचं, उत्तर ऐकायचं, पुन्हा टाळ्या वाजवायच्या. मामा प्रत्येक अंगणाशी बसत. बसण्याआधी ते रायफल शेजारी मातीवर आडवी ठेवत. तोंड बाहेरच्या बाजूला, बोल्टची मूठ खाली. हत्याराचा हात त्याच्या अंगाखाली असला की ते झोपलं असं समजायचं, आणि वडीलधाऱ्यांपुढे हत्यार झोपलेलंच पाहिजे, असं त्यांना ज्याने शिकार शिकवली त्याने शिकवलं होतं. रायफलीला त्यांनी पट्टाही ठेवला नव्हता, बोरूत तो अडकतो म्हणून. केफासची रायफल पट्ट्याने पाठीवर होती. तो एका गुडघ्यावर टेकून टाळ्या वाजवी. लोक त्याचा नमस्कार घेत आणि तो पुढे गेला की "शहरात राहिलाय" म्हणत. मी बसले तेव्हा कास्का माझ्या मांडीवर होती. बाजाराहून येताना पाटी ठेवते तशी.

शेवटचं अंगण इनोंगे आजींचं. त्यांच्याकडे वेळ लागतो, कारण त्या प्रत्येक नातवाची खबर देतात.

बोरूत अपेक्षेप्रमाणे ब्रेनरची नळी दांड्यांत अडकत होती. मी सांगितल्यावर मामा डावीकडे वळले आणि त्यांनी बोल्ट पुढे ढकलला. पहिलं काडतूस गेलं. चाप ओढला, बोल्ट मागे घेतला, पुन्हा पुढे ढकलला. तो अर्ध्यावर थांबला.

"काका," केफास हळूच म्हणाला, "हात…"

"हात इथंच आहे," मामा म्हणाले. पण त्यांनी तो वर धरून पाहिला, उलटा आणि सुलटा.

त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. मी बोल्ट पाहत होते. मी तो मागेपुढे केला तेव्हा दातांखाली खडा यावा तसा आवाज आला. रुमालाने आतून पुसलं. रुमालावर पांढरे कण आले, गावातल्या वाटेवर असतात तसे. मॅगझीनमधल्या काडतुसांना तेलाचा हात होता. त्या तेलालाही वाळू चिकटली होती.

त्यानंतर मी रायफली आणि माणसं बदलून पाहिली. तीच ब्रेनर पुसून केफासला पट्ट्यासकट दिली. तो तीच अंगणं घेत गेला, बोरूत बोल्ट नीट चालला. मामांना हॅलोवेल दिली, ती अडकली. मग केफासला पट्टा काढायला सांगितलं आणि मामांसारखं बसायला लावलं. त्याच्याही हातात अडकली. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा बोल्ट कुठे ना कुठे अडला, आणि दर वेळी मातीत झोपवलेल्याच रायफलीचा.

लोकांना आमच्या फेऱ्यांची गंमत वाटू लागली.

"आज तिसऱ्यांदा नमस्कार," एका अंगणातून आवाज आला. "काय रे केफास, इथं कोणाला मागणी घालायचीय का?"

मी मामांना कण दाखवले. ते रुमाल उन्हात धरून बराच वेळ पाहत राहिले.

"मग शस्त्रागाराला हे का दिसलं नाही?" मी विचारलं.

"मी पुसून दिली होती."

"तपासायला पाठवायच्या आधी?"

"घाणेरडी बंदूक कोण देतं दुसऱ्याच्या हातात? लुबिंदाला दवाखान्यात पोचवलं, घरी आलो, पुसली, तेल दिलं, सकाळी पोलिसांकडे सोपवली." ते थांबले. "रोज पुसतो तशीच."

मी म्हटलं, हे खुत्यात सांगते. ते नको म्हणाले.

"त्या दिवशी बेटात शिरायच्या आधी मी कुठं बसलो होतो?"

"इनोंगे आजींकडे."

"तिचंच शेत वाचवायला गेलो होतो. तिच्या अंगणात टाळ्या वाजवत बसलो म्हणून लुबिंदाचा पाय गेला, हे म्हातारीला भर सभेत ऐकवायचं?"

"नाही ऐकवलं तर रायफल केफासकडे जाईल."

"जाऊ दे."

"आणि केफास इथं राहून राहून एक दिवस इथल्यासारखा बसायला शिकेल, मामा. मग त्याच्या हातात अडकेल."

ते रुमालाची घडी करत राहिले. मी निघाले तेव्हा म्हणाले, "अंगणांची नावं घेऊ नकोस."

खुत्यात मी आधी नेम सांगितला, मग भरवसा, मग वळण. ब्रेनर नेमाला पहिली, कास्का वळायला पहिली, नीट वापरल्या तर भरवशाला तिघी सारख्या. मग वाळूचं सांगितलं. उघडा बोल्ट, मातीत झोपवलेली रायफल, आत जाणारे कण. कोणाच्या अंगणात, ते सांगितलं नाही. सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे आता नमस्कार सोडायचा?"

"बोल्ट बंद ठेवला तर?"

"आणि भरलेली की रिकामी ते कसं कळणार? माझी पोरं अंगणात असतात."

इंदुना सिकोपोंनी काठी वर केली. "रायफल ज्याच्या हातात असेल त्याने उभं राहून एक हात छातीवर ठेवावा. खुता त्याला तेवढी सूट देतो."

मामा उठले. "मी अर्धा नमस्कार करणार नाही. रायफल केफासला द्या."

"मला?" केफास म्हणाला. "मी पाठीवर घेऊन बसलो तर शहरी म्हणता. आता उभ्याने छातीवर हात ठेवला तर काय म्हणाल?"

लुबिंदा होडीवरून उठून आज सभेत बसला होता, पाय तसाच पुढे. सगळ्यांची नजर हळूहळू त्याच्याकडे गेली.

"म्हणजे माझा पाय नमस्कारानं गेला," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. तो मामांकडे वळला.

"वर्षभर मी तुझ्या हाताला शिव्या दिल्या. तोंडावर दिल्या, मागूनही दिल्या. त्या परत घेतो. पण पुसून का दिलीस रे, बैला? एक दिवस घाण राहिली असती तर काय बिघडलं असतं?"

"सवय," मामा म्हणाले.

बायकांच्या बाजूने इनोंगे आजींनी टाळ्या वाजवल्या. बोलायची परवानगी अशीच मागतात.

"शेवटचं अंगण माझं होतं," त्या म्हणाल्या. "पोरीनं नाव घेतलं नाही, पण मला मोजता येतं. मुबियाना माझ्याकडून उठला आणि बोरूत गेला. मी त्याला धाकट्या नातवाच्या दातांचं सांगत होते."

मामा जमिनीकडे पाहत होते.

"पण मला एक सांगा," आजी म्हणाल्या. "मांडीवर तान्हं असलं तर आम्ही बायका काय करतो? त्याला मातीत झोपवून टाळ्या वाजवतो? मांडीवरच राहतं ना ते? मला कोणी कधी म्हटलं नाही की इनोंगे, पोर खाली ठेव, नमस्कार अर्धा झाला."

"आजी, ते पोर आहे," कोणीतरी म्हणालं. "हे हत्यार आहे."

"मग त्याचं तोंड माझ्याकडे करू नका म्हणजे झालं."

इंदुना माझ्याकडे वळले. "हे मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. तिथेच मोजलं. मामा उकिडवे बसले. ब्रेनर त्यांच्या मांड्यांवर आडवी ठेवली. त्यांनी दोन्ही हात सोडले तशी ती नळीच्या बाजूला कलली आणि शेजारच्या माणसाच्या बरगडीत गेली. तिचा तोल मांडीच्या बाहेर पडत होता. हॅलोवेलचा दस्ता हलका, त्यामुळे ती आणखी लवकर घसरली. कास्का राहिली. मामांनी टाळ्या वाजवल्या, ती राहिली. त्यांनी अंग पुढे झुकवून पुन्हा वाजवल्या, तरी राहिली. तिचा तोल दोन्ही मांड्यांच्या मधे येत होता. नळी वीतभर आखूड असल्याचा हा उपयोग मी चाचणीच्या कागदात कुठे लिहिला नव्हता.

"हिची भोकं केवढी म्हणालीस?" इंदुनांनी विचारलं.

"मुठीएवढी. शंभर मीटरवर."

"आणि बोरूत किती लांबचं दिसतं?"

"लुबिंदाला विचारा," मी म्हटलं.

"हाताएवढ्या अंतरावर दिसला मला," लुबिंदा म्हणाला. "तेवढ्यावर सासूचाही नेम चुकत नाही."

कास्का ठेवायचं ठरलं. ती मुबियानांच्या हातात राहील आणि केफास त्यांच्याबरोबर जाईल, असं इंदुना सभा उठता उठता म्हणाले. मामांनी रायफल दोन्ही हातांनी घेतली. उपकार मानायला टाळ्या वाजवायच्या होत्या. ते क्षणभर अडले, मग बसले आणि ती मांडीवर ठेवून वाजवल्या. त्यांना ते आवडलेलं दिसत नव्हतं.

सुगीच्या तोंडाशी इनोंगे आजींच्या मक्यात पुन्हा एक रेडा आला. म्हातारा, कळपातून बाहेर काढलेला, खांद्याला सिंहाची जुनी जखम. मंत्रालयाची परवानगी सकाळी आली. मी नोंदीसाठी बरोबर गेले. लुबिंदा काठी घेऊन मागून आला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

आजी अंगणातच होत्या. मामा बसले, रायफल मांडीवर आडवी घेतली, तोंड कुंपणाकडे.

"झोप लागली का, आजी?"

"लागली. तुला?"

"लागली."

"आणि या तान्ह्याला?"

मामांनी टाळ्या पूर्ण वाजवल्या. आजींनी नातवांची खबर थोडक्यात आटोपली. तसं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

बेटाच्या कडेला मामांनी बोल्टच्या खाचेतून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट स्वच्छ होतं. त्यांनी बोल्ट पुढे ढकलून मूठ खाली दाबली आणि ते आणि केफास आत गेले. थोडा वेळ बोरूचे शेंडे हलताना दिसले, मग ते दिसेनासे झाले.

लुबिंदा आणि मी वाळवीच्या वारुळाशी थांबलो. त्याने आखडलेला पाय हाताने उचलून पुढे ठेवला. बराच वेळ काही नव्हतं. मग आवाज झाला, कास्काचा, कानात बसणारा. आणि तो विरायच्या आत दुसरा.

"दोन," लुबिंदा म्हणाला, आणि वारुळाला टेकून बसला.